नाकावाटे श्वासाचा आधार: अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सीपॅप लावणे, सांभाळणे आणि काढणे

सीपॅप म्हणजे स्वतः श्वास घेणाऱ्या बाळाला नाकातून सतत दिलेला हवेचा हलका दाब. पाण्याच्या बाटलीने तो दाब राखणाऱ्या बबल सीपॅपची मांडणी पाहिली तर तिच्यात फारसे काही नसते. हवा आणि ऑक्सिजन एकत्र करणारा ब्लेंडर, ती हवा गरम आणि ओलसर करणारा ह्युमिडिफायर, दोन नळ्या, बाळाच्या नाकात बसणारे प्रॉन्ग आणि शेवटी पाण्याची बाटली. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नव्याने आलेला रेसिडेंट किंवा नवी सिस्टर ही जोडणी एका दुपारीत शिकते. तरीही गर्भात तेवढेच आठवडे काढलेल्या, तेवढ्याच वजनाच्या दोन बाळांपैकी एक सीपॅपवर निभावते आणि दुसऱ्याला व्हेंटिलेटर लागतो, तेव्हा फरक पुष्कळदा फुफ्फुसात नसतो, नाकापाशी असतो. प्रॉन्ग सैल, टोपी वर सरकलेली, नाकपुडीत वाळलेला शेंबूड, तोंड उघडे. यंत्रावर ६ सेंटिमीटर (पाण्याचा) दाब दिसत असतो आणि बाळाला मिळत असतो जेमतेम ३.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या ८ केंद्रांची तुलना प्रसिद्ध झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दीर्घकाळ टिकणारा फुफ्फुसाचा आजार सर्वांत कमी आढळला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या केंद्रात. तिथे डॉ. जेन-टिएन वुंग आणि त्यांचे सहकारी बाळाला लगेच व्हेंटिलेटरवर न घेता आखूड नेझल प्रॉन्ग आणि पाण्याची बाटली वापरत. बाटली कुणालाही विकत घेता येते. नाकाची काळजी मात्र तासातासाला घ्यावी लागते, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा तिलाच दिली आहे. लेख एनआयसीयूत काम करणाऱ्यांसाठी आहे, पण ज्यांचे बाळ आत आहे अशा आईवडिलांनाही तो वाचता येईल. डोस आणि आकडे आपापल्या युनिटच्या प्रोटोकॉलशी ताडून घ्यावेत.

दाब कशासाठी

फुफ्फुसातल्या वायुकोशांना आतून सर्फॅक्टंटचा, म्हणजे त्यांना मिटू न देणाऱ्या द्रव्याचा, पातळ थर असतो. तो साधारण २४ आठवड्यांच्या सुमारास तयार होऊ लागतो आणि पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या श्वासाच्या त्रासामागे सर्फॅक्टंटची कमतरता आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. थर नसला की प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी वायुकोश ओल्या कापडाच्या पदरांसारखे एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या श्वासाला ते पुन्हा सोडवण्यात बाळाची सगळी ताकद जाते. त्यात बरगड्या इतक्या मऊ की छाती फुगण्याऐवजी आत ओढली जाते.

बाळ स्वतः यावर एक उपाय करत असते. ते कण्हते. उच्छ्वास सोडताना स्वरयंत्र अर्धवट मिटून घेते, म्हणजे थोडी हवा आत कोंडून राहते आणि वायुकोश पूर्ण मिटत नाहीत. हेच काम बाहेरून करता येईल, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या पहिल्या २० बाळांपैकी १६ जगली. त्यांनी दाब श्वासनलिकेतल्या नळीतून किंवा डोक्याभोवतीच्या पेटीतून दिला होता. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, त्यामुळे पुढे नाकाचाच मार्ग रुळला.

सततचा हा दाब वायुकोश उघडे ठेवतो, घशाचा मार्ग मिटू देत नाही आणि मऊ छातीला आतून आधार देतो. बाळाच्या वतीने श्वास मात्र तो घेत नाही. म्हणून सीपॅपची पहिली अट हीच की बाळाला स्वतःचा श्वास असला पाहिजे. ज्याला श्वासच नाही त्याला आधी बॅग-मास्क (तोंडानाकावर मास्क धरून पिशवी दाबून श्वास देणे), मग बाकीचे.

कोणाला आणि केव्हा

थोडक्यात उत्तर: लवकर. एकदा मिटलेले फुफ्फुस उघडण्यापेक्षा उघडे फुफ्फुस मिटू न देणे फार सोपे. ३२ आठवड्यांखालच्या बाळाला श्वासाचा त्रास दिसो वा न दिसो, जन्मानंतर लगेच सीपॅप देण्याचा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशी सांगतात. त्याहून मोठ्या बाळाला लक्षणे पाहून लावायचा.

लक्षणांसाठी सिल्व्हरमन स्कोअर वापरावा. छातीचा वरचा भाग आणि पोट एकत्र हलतात की उलटसुलट, खालच्या बरगड्यांमधली जागा आत जाते का, छातीच्या हाडाचे टोक आत जाते का, नाकपुड्या फुलतात का आणि कण्हणे ऐकू येते का, या ५ गोष्टींना ० ते २ गुण. बेरीज ४ झाली की सीपॅपला उशीर करू नये. ७ किंवा अधिक असेल तर सीपॅप लावतानाच इंट्युबेशनची, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालण्याची, तयारी शेजारी हवी. नव्या लोकांचा इथे हमखास घोळ होतो: जन्मताच बाळाची स्थिती मोजणाऱ्या अपगार स्कोअरमध्ये जास्त गुण चांगले, सिल्व्हरमनमध्ये जास्त गुण वाईट. फोनवर सिनियरला नुसता आकडा सांगू नका, कोणता स्कोअर तेही सांगा.

प्रसूतिगृहातच टी-पीसवर (मास्कमधून ठरावीक दाब देणाऱ्या साधनावर) ५ ते ६ सेंटिमीटर दाबाने सुरुवात करावी. ३२ आठवड्यांखालच्या बाळाला साधारण ३० टक्के ऑक्सिजनने सुरू करून उजव्या हाताला लावलेल्या ऑक्सिमीटरप्रमाणे कमीजास्त करावा. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, पहिल्या मिनिटात ९० असणे अपेक्षितच नसते. २ मिनिटांना ६५ ते ७०, ५ मिनिटांना ८० ते ८५ आणि १० मिनिटांना ८५ ते ९५, असे ते चढते. घाईने ऑक्सिजन १०० वर नेणाऱ्याने हे आकडे वॉर्मरवर चिकटवून ठेवावेत. या सगळ्या धावपळीत बाळ गार पडू देऊ नका. छोट्या बाळाला न पुसता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावे, डोक्याला टोपी घालावी. गार पडलेल्या बाळाचा श्वास सीपॅपनेही सुधारत नाही.

काही बाळांना सीपॅप चालत नाही. नाकाचा मागचा मार्ग जन्मतः बंद असलेले, छातीपोटामधल्या पडद्याला भोक असलेले, अन्ननलिका आणि श्वासनलिका जोडलेले, टाळूला मोठी फट असलेले किंवा रक्तदाब अगदीच कोसळलेले बाळ. पडद्याला भोक असेल तर बॅग-मास्कही टाळून सरळ इंट्युबेट करावे, कारण जठरात गेलेली प्रत्येक हवा फुफ्फुसावर दाब टाकते.

सर्किट: बाळ येण्याआधी

रेफर होऊन येणाऱ्या बाळाचा फोन आला की त्याच क्षणी सर्किट जोडायला घ्या. ब्लेंडरला हवा आणि ऑक्सिजन दोन्हीच्या नळ्या नीट बसल्या आहेत का ते पाहा. फ्लोमीटरपासून नळी ह्युमिडिफायरच्या भांड्यात, तिथून गरम तारेची नळी बाळापर्यंत, बाळापासून दुसरी नळी बबलच्या बाटलीत. ह्युमिडिफायरमध्ये निर्जंतुक पाणी खुणेपर्यंत भरा आणि यंत्र इन्व्हेझिव्ह मोडवर (श्वासनलिकेत नळी असलेल्यांसाठीच्या मोडवर) ठेवा, म्हणजे बाळापर्यंत पोहोचणारी हवा ३७ अंशांच्या आसपास आणि पूर्ण ओलसर राहील. नाकातून द्यायचे म्हणून मास्कचा मोड निवडण्याचा मोह होतो, पण त्यात तापमान कमी ठेवलेले असते आणि कोरड्या हवेने काही तासांतच नाकातला शेंबूड दगडासारखा होतो.

बाटलीत पाणी खुणेपर्यंत भरून नळीचे टोक हवे तितके सेंटिमीटर बुडवा. ५ सेंटिमीटर बुडवले म्हणजे ५ चा दाब. फ्लो (हवेचा वेग) मिनिटाला ५ ते ८ लिटरच्या दरम्यान, पण ठरलेला आकडा म्हणून नव्हे: ज्या सर्वांत कमी फ्लोवर बुडबुडे सतत येतात तो फ्लो योग्य. फ्लो वाढवला की बुडबुडे जोरात येतात, बघायला बरे वाटते, पण नळ्यांच्या अवरोधामुळे प्रत्यक्ष दाब बुडवलेल्या खोलीपेक्षा वर जातो आणि पोटात हवा भरते. खळखळाट म्हणजे चांगला सीपॅप हा गैरसमज मोडायला हवा.

आता चाचणी. हातमोजा घातलेल्या अंगठ्याने प्रॉन्गची तोंडे बंद करा. बुडबुडे आले पाहिजेत. नाही आले तर गळती सर्किटमध्ये आहे, आणि ती आत्ताच शोधणे सोपे. ह्युमिडिफायरचे झाकण, तापमानाच्या प्रोबचे छिद्र आणि दाब मोजायच्या पोर्टचे टोपण या तीन जागा आधी तपासा. ही चाचणी आधी झाली असेल, तर नंतर बाळाला लावल्यावर बुडबुडे थांबले की दोष नाकापाशी आहे हे लगेच कळते.

नळ्या बाळाच्या डोक्याच्या पातळीपेक्षा खाली झुकलेल्या ठेवा, म्हणजे आत साचणारे पाणी नाकाकडे न जाता उलटे जाईल. आणि बाटलीतल्या पाण्यावर नजर ठेवा. वाफेचे पाणी त्यात जमा होत राहते. जादा पाणी आपोआप निघून जाण्याची सोय बाटलीत नसेल, तर सकाळी लावलेला ५ चा दाब रात्री ७ होतो आणि कुणीही काही फिरवलेले नसते.

नाक

इथे घाई करू नका. बाळ येताच एक जण सर्किट धरेल, एक जण नाक बघेल.

प्रथम टोपी. टोपीवरच सगळी यंत्रणा टांगलेली असते, त्यामुळे ती सैल असली तर पुढचे सगळे फुकट. डोक्याचा घेर मोजून माप निवडा. पुढची कड भुवयांच्या थोडी वर, बाजूने कान पूर्ण झाकलेले आणि घडी न पडता सपाट, मागे मानेच्या खळगीपर्यंत. टोपी दर काही तासांनी वर सरकते आणि सरकताना प्रॉन्ग नाकात वर ओढते. नाकाच्या निम्म्या जखमांचे मूळ टोपीत असते, असे मी बिनदिक्कत म्हणेन.

मग प्रॉन्गचे माप. वजनाप्रमाणे कंपनीचा तक्ता असतो, तो सुरुवातीपुरता. शेवटचा निर्णय नाकपुडी बघून. प्रॉन्गने नाकपुडी पूर्ण भरली पाहिजे, पण कडेची कातडी पांढरी पडता कामा नये. मापाची चूक बहुतेकदा लहानाकडे होते. ‘एवढेसे नाक, छोटेच घालू’ म्हणून लहान प्रॉन्ग घातले जातात. मग हवा गळते, ती थांबवायला प्रॉन्ग आत दाबले जातात आणि मधल्या पडद्याला जखम होते. नीट बसणारे मोठे प्रॉन्ग सैल लहान प्रॉन्गपेक्षा नाकाला कमी इजा करतात. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठे आधी लावून पाहा.

घालण्याआधी नाकपुड्यांत सलाइनचा एखादा थेंब टाकून हलके सक्शन करा, प्रॉन्गही सलाइनने ओले करा. वाकडी प्रॉन्ग असतील तर त्यांचा बाक बाळाच्या टाळूच्या दिशेने, म्हणजे आत शिरल्यावर टोके खाली वळतील अशी. दोन्ही एकदम आत सरकवा आणि थांबा. प्रॉन्गचा आडवा दांडा आणि दोन नाकपुड्यांमधला मांसल पडदा यांच्यात २ मिलिमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे. सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही २ मिलिमीटर जागा. दांडा पडद्याला टेकला की तिथले रक्त थांबते, कातडी आधी लाल होते, मग सोलवटते, मग काळी पडून झडते. झडलेला पडदा परत येत नाही. बाळ जगते, घरी जाते आणि नाकाची ती खूण आयुष्यभर बाळगते.

ही जागा टिकवण्यासाठी वरच्या ओठावर पातळ हायड्रोकोलॉइडची (कातडी जपणाऱ्या मऊ ड्रेसिंगची) पट्टी आणि तिच्यावर वेल्क्रोची पकड लावता येते. पट्टी कातडीला संरक्षण देते, पण ती लावली म्हणून दांडा टेकवायची परवानगी मिळत नाही. नळ्या टोपीच्या दोन्ही बाजूंना सारख्या ताणाने बांधा. एका बाजूला ताण जास्त झाला तर प्रॉन्ग तिरके होतात आणि त्याच बाजूला जखम होते. बांधून झाल्यावर एक पाऊल मागे या आणि समोरून बघा: नाक सरळ दिसते का, नाकाचे टोक डुकरासारखे वर वळलेले तर नाही, डोळे नळीखाली दाबले तर गेले नाहीत?

नेझल मास्क हा दुसरा पर्याय. त्याचा दाब नाकाच्या मुळावर आणि वरच्या ओठावर येतो, पडद्यावर कमी. मास्क वापरलेल्या बाळांत नाकाच्या मध्यम व गंभीर जखमा कमी दिसल्या आहेत. दर ४ ते ६ तासांनी प्रॉन्ग आणि मास्क आलटूनपालटून लावले तर एकाच जागेवर ताण राहत नाही. फार लहान बाळांसाठी मी हाच मार्ग सुचवीन.

शेवटी ओजी ट्यूब. तोंडातून जठरात घालायची, नाकातून नव्हे. नाक आधीच व्यापलेले आहे. तिचे टोक उघडे ठेवून बाळाच्या पातळीपेक्षा वर टांगा, म्हणजे गिळलेली हवा निघत राहील.

दाब आणि ऑक्सिजन किती

सुरुवात ५ किंवा ६ ने. छाती अजून आत ओढली जात असेल, एक्स-रेत फुफ्फुसे धुरकट आणि लहान दिसत असतील, तर एकेक सेंटिमीटरने ८ पर्यंत. आधी दाब वाढवावा की ऑक्सिजन? छाती खेचली जात असेल तर दाब. छाती शांत आहे पण सॅच्युरेशन थोडे कमी आहे तर ऑक्सिजन. हा भेद न करता फक्त ऑक्सिजन चढवत राहणे ही रात्रपाळीतली नेहमीची सवय, आणि त्यात मिटलेले फुफ्फुस तसेच मिटलेले राहते.

उलट बाजूही आहे. २५ ते २८ आठवड्यांच्या ६१० बाळांवरच्या २००८ च्या ‘कॉइन’ अभ्यासात सीपॅप थेट ८ वर सुरू केला होता. सीपॅप गटातल्या निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या ५ दिवसांत नळी लागलीच नाही, पण फुफ्फुसातली हवा बाहेर छातीत फुटण्याचे प्रमाण सीपॅप गटात ९ टक्के आणि इंट्युबेशन गटात ३ टक्के निघाले. ८ हा आकडा म्हणून जपून वापरायचा. एक्स-रेत ९ बरगड्यांच्या खाली फुफ्फुस उतरले असेल, छातीपोटामधला पडदा सपाट झाला असेल, तर दाब जास्त झाला आहे.

सॅच्युरेशनचे लक्ष्य ९० ते ९४ टक्के, अलार्म ८९ आणि ९५ वर. वरचा अलार्म बंद करून टाकणे हा गंभीर प्रमाद मानावा. ऑक्सिजन जास्त झाल्याचे बाळ सांगत नाही, गुलाबी दिसते, झोपते. नुकसान डोळ्याच्या पडद्यावर आरओपी या आजाराच्या रूपात काही आठवड्यांनी कळते. पण म्हणून लक्ष्य ८५ ते ८९ वर ओढायचे नाही. तसे केलेल्या मोठ्या अभ्यासांत मृत्यू आणि आतड्याचा एनईसी हा आजार वाढलेला दिसला. बाळ २१ टक्क्यांवर म्हणजे साध्या हवेवर असेल, तेव्हा मात्र ९८ दिसले तरी काळजी नाही.

दर तासाची फेरी

फेरी नाकापासून सुरू करा आणि मॉनिटरवर संपवा, उलट नको. आधी नाक: मधली जागा आहे का, पडद्याचा रंग काय. टॉर्च लावून बघा, अंदाजाने नाही. मग तोंड, मग छाती, मग पोट, मग नळ्यांत साचलेले पाणी, ह्युमिडिफायरचे तापमान, बाटलीतली पातळी, बुडबुडे, आणि शेवटी आकडे. चार्टवर नाकासाठी वेगळा रकाना असावा. रकाना असला की बघितले जाते.

बुडबुडे थांबले तर कुठेतरी हवा गळते आहे. बहुधा तोंड उघडे असते किंवा प्रॉन्ग निसटलेले असतात. हनुवटीला हलका आधार द्या किंवा चोखायला द्या. हनुवटीचा पट्टा वापरायचा तर इतका सैल की बाळाला जांभई देता आली पाहिजे. इथे एक फसवी परिस्थिती लक्षात ठेवा: बुडबुडे उत्तम येत आहेत, पण बाळाला काहीच मिळत नाही. प्रॉन्ग शेंबडाने तुंबले किंवा नाकाबाहेर गालाला टेकून बंद झाले तरी बाटली बुडबुडतच राहते. बुडबुडे फक्त सर्किट बंद आहे एवढेच सांगतात. दाब छातीत पोहोचतो आहे का हे छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठरवायचे. बुडबुड्यांचा खळखळ आवाज दोन्ही बाजूंना ऐकू आला पाहिजे.

सक्शन घड्याळाप्रमाणे नको, गरजेप्रमाणे. तरी ४ ते ६ तासांत एकदा प्रॉन्ग काढून नाक बघणे आणि कातडीला थोडा मोकळेपणा देणे होतेच, तेव्हाच करावे. नाकात खोलवर कॅथेटर घालून वारंवार ओढले की आतली त्वचा सुजते, नाक चोंदते, मग आणखी सक्शन. आधी तोंड, मग नाक, दाब कमी, वेळ काही सेकंद. काढलेले प्रॉन्ग परत लावेपर्यंत बाळाला दाब मिळत नाही, म्हणून हे दोघांनी मिळून करावे.

पोट फुगणे तर जवळजवळ ठरलेले. सीपॅपची हवा आतड्यात उतरते आणि पोट ढोलासारखे दिसते. पोट मऊ आहे, कातडीचा रंग ठीक, उलटीत हिरवे काही नाही, शौचात रक्त नाही, बाळ हुशार आहे, तर दूध बंद करू नका. ओजी उघडी ठेवा. पोट कडक, चकाकणारे, हिरवा रिफ्लक्स, रक्त, किंवा बाळ मलूल झाले तर ते सीपॅपचे पोट नव्हे. एनईसी समजून दूध थांबवा, एक्स-रे काढा. दूध पाजल्यावर ओजी अर्धा तास बंद आणि मग पुन्हा उघडी, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी चालते.

मान फार वाकू देऊ नका. खांद्याखाली पातळ घडी पुरते. पालथे झोपवलेल्या बाळाचा श्वास पुष्कळदा शांत होतो, अर्थात मॉनिटर लावलेला असताना. आईच्या छातीवर कांगारू पद्धतीने ठेवायला सीपॅप आड येत नाही. हलवताना मात्र एका माणसाने फक्त नळ्या सांभाळायच्या आणि बसल्यावर सर्वांत आधी २ मिलिमीटर जागा पुन्हा बघायची. आईवडिलांना टोपी, प्रॉन्ग आणि बुडबुडे दाखवून ठेवा. बाळाकडे सलग बघत बसणारे तेच असतात आणि निसटलेले प्रॉन्ग अनेकदा आईलाच आधी दिसते.

औषधे: कॅफिन आणि सर्फॅक्टंट

अपुऱ्या दिवसांचे बाळ श्वास घ्यायला विसरते; यालाच अ‍ॅप्निया म्हणतात. कॅफिन सायट्रेटचा पहिला डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, नंतर रोज किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम. सीपॅपवर असलेल्या छोट्या बाळाला अ‍ॅप्निया येण्याची वाट न बघता पहिल्याच दिवशी सुरू करावे.

सर्फॅक्टंटचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण तो वेळेचा आहे. दाब ६ किंवा अधिक असूनही ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या वर लागत असेल, तर सर्फॅक्टंट द्यावे, असे युरोपीय मार्गदर्शक सूचना म्हणतात. पण त्याआधी ‘दाब ६’ खरोखर पोहोचतो आहे ना? सैल प्रॉन्गमुळे चढलेल्या ऑक्सिजनवर महागडे औषध देण्याआधी पाच मिनिटे नाकाला द्या. नाक ठीक आहे आणि गरज तरीही ३० च्या वर, तर थांबू नका. पहिल्या २-३ तासांत दिलेले औषध उशिरा दिलेल्यापेक्षा अधिक कामाचे.

पूर्वी त्यासाठी इंट्युबेट करून औषध देऊन लगेच नळी काढत. आता सराव असलेल्या ठिकाणी बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच, लॅरिंगोस्कोपने बघून बारीक कॅथेटर श्वासनलिकेत सरकवून औषध हळूहळू देतात. जर्मनीत कोलोनला रुळलेली ही पद्धत आज बऱ्याच युनिटांची पहिली पसंती आहे. हात बसलेला नसेल तर जुनी पद्धत बरी.

दुसरे पर्याय

हाय फ्लो, म्हणजे बारीक प्रॉन्गमधून जास्त वेगाने दिलेली गरम, ओलसर हवा, लावायला सोपा, नाकाला सौम्य आणि नर्सिंगला आवडता. त्याचे प्रॉन्ग नाकपुडीच्या निम्म्या जागेपेक्षा मोठे नसावेत. गळती इथे मुद्दाम ठेवलेली असते. ५-६ लिटरने सुरुवात, ८ पर्यंत. पण आत दाब किती तयार झाला ते कळत नाही. २०१६ च्या ‘हिप्स्टर’ अभ्यासात २८ आठवडे व पुढच्या बाळांना सुरुवातीपासून हाय फ्लो दिला तेव्हा तो २५.५ टक्के बाळांत अपुरा पडला, सीपॅप १३.३ टक्क्यांत. हाय फ्लो फसलेल्यांना सीपॅपने सावरले, त्यामुळे इंट्युबेशनच्या प्रमाणात मोठा फरक पडला नाही. माझा कल स्पष्ट आहे: तीव्र आजाराच्या पहिल्या दिवसांत सीपॅप, बाळ स्थिरावल्यावर नाक दुखावले असेल तर हाय फ्लो.

एनआयपीपीव्ही म्हणजे त्याच प्रॉन्गमधून सीपॅपच्या वर व्हेंटिलेटरचे अधूनमधून झटके. वरचा दाब १५ ते २०, मिनिटाला २० ते ४० वेळा. वारंवार अ‍ॅप्निया येणाऱ्या किंवा नुकतीच नळी काढलेल्या बाळाला याने पुन्हा नळी लागण्याचे प्रमाण कमी होते. प्रॉन्ग सैल असतील तर यातलेही काही पोहोचत नाही.

बिघडले तर

अचानक बिघडले आणि हळूहळू बिघडत गेले, या दोन वेगळ्या गोष्टी. बाळ एकाएकी निळे पडले, छातीची एक बाजू कमी हलते, हृदयाचे ठोके दुसरीकडे सरकलेले ऐकू येतात, तर छातीत हवा फुटली आहे असे धरून चाला. खोली अंधारी करून छातीला प्रकाश लावा. एक बाजू लाल उजळली तर एक्स-रेची वाट न बघता सुई घालायची तयारी ठेवा. मात्र त्या आधीच्या काही सेकंदांत प्रॉन्ग जागेवर आहेत ना, ऑक्सिजनची नळी निघाली नाही ना, एवढे डोळ्याखालून घाला.

हळूहळू बिघडणाऱ्या बाळाबाबत निर्णय लांबतो. नाक, तोंड, मान, शेंबूड, सर्किट तपासले, दाब ८ पर्यंत नेला, सर्फॅक्टंट दिले, कॅफिन चालू आहे, आणि तरीही ऑक्सिजन ४०-५० टक्क्यांच्या वर, रक्ताचा पीएच ७.२० च्या खाली, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर, किंवा बॅगने श्वास द्यावा लागणारे अ‍ॅप्निया वारंवार येत असतील, तर इंट्युबेट करा. यात हार मानण्यासारखे काही नाही. दमलेल्या बाळाला आणखी एक रात्र ताणण्यापेक्षा दिवसाउजेडी, तयारीने घातलेली नळी बरी.

काढताना

आधी ऑक्सिजन २१ ते २५ टक्क्यांपर्यंत आणा, मग दाब एकेकाने ५ पर्यंत. ५ वर किमान एक दिवस शांत श्वास, बॅग लागणारा अ‍ॅप्निया नाही, सिल्व्हरमन १-२ च्या आत, तर एकदाच पूर्ण काढून पाहा. दिवसातून काही तास काढायचा आणि काही तास लावायचा अशी सवय करत नेण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, पण ३० आठवड्यांखालच्या बाळांवरच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात निकष पूर्ण झाल्यावर थेट काढलेल्या बाळांचा सीपॅप लवकर सुटला. फार लहान जन्मलेल्यांच्या बाबतीत गर्भातले दिवस धरून ३२ आठवडे भरेपर्यंत घाई करू नये. त्या वयात सीपॅप फुफ्फुस वाढायलाही मदत करतो, आणि जागा हवी किंवा यंत्र हवे म्हणून तो काढणे बाळाला महागात पडते.

काढल्यावर पहिले ४८ तास श्वासाचा वेग, छातीचे ओढणे, ऑक्सिजनची गरज आणि वजन यांकडे लक्ष ठेवा. वजन वाढायचे थांबले तर बाळ सगळ्या कॅलरी श्वासावर खर्च करत आहे, हे सॅच्युरेशन ठीक असतानाही खरे असू शकते. अशा वेळी, किंवा ऑक्सिजन पुन्हा ३० टक्क्यांकडे सरकू लागला की सीपॅप ५ वर परत लावा आणि काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा. टोपी आणि त्या बाळाच्या मापाचे प्रॉन्ग तोवर त्याच्याच ट्रेमध्ये, नाव लिहून ठेवलेले असावेत.